पाण्यातून पाहिलेली पाळ

माझं वाढणं सासरी झालं. मी असं म्हटलं की माझी थोरली लेक कुंदा हसते. "आई, लोकं लहानपणच्या गोष्टी लिहितात आन तू सासूच्या लिहून राह्यली," म्हणते. हसते तर हसो. मॅट्रिक होऊन माझं लग्न लागलं तेव्हा मला सतरावं सुरू होतं आणि त्या वयात मला एकच गोष्ट धड येत होती, चित्र काढणं. बाकी सगळं, म्हणजे पाण्यात उतरणं, तान्ह्या लेकराची भूक ओळखणं, रागावलेल्या माणसाजवळ गप बसून राहणं, हे मी चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या एका गावात, तलावाच्या पाळीखालच्या घरात, आत्याबाईंच्या हाताखाली शिकले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. नाव गिरजा. गावात सगळे त्यांना तोंडावर गिरजाबाई म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत तेही त्यांना ठाऊक होतं.

माझे बाबा भद्रावतीला एका कॉलनीत माळी होते. जातीनं आम्ही ढिवर, पण बाबांनी जाळं कधी हातात धरलं नाही, त्यांच्या हातात कायम पाण्याची झारी. त्यामुळे मी ढिवराची लेक असून मला रोहू कोणता आणि कतला कोणता हे कळत नव्हतं. कळायची ती फुलं. साहेबलोकांच्या बागेतली फुलं मी कोळशानं, विटेच्या तुकड्यानं, हळदीनं, जे हाती येईल त्यानं भिंतीवर काढायची आणि आईचा मार खायची. शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी पहिली सरकारी परीक्षा द्यायला लावली, ती मी पास झाले. दुसरी परीक्षा द्यायच्या आधीच स्थळ आलं. मुलगा निर्व्यसनी, तलावाच्या मच्छीमार सोसायटीत भागीदार, घरी फक्त आई. बाबा म्हणाले, एवढ्या लहान घरात पोरीला त्रास काय होणार? बाबा फार भोळे होते.

सासरचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर, पुढं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला तलावाची पाळ उभी. पाळ म्हणजे मातीचा बांध, दोन माणसं एकावर एक उभी केली तर पुरावी एवढी उंच. पाळीपलीकडं पाणी आणि पाळीखाली आम्ही. पहिल्या रात्री मला वाटलं, ही माती फुटली तर? सकाळी हे आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माया सासऱ्याच्या आज्याच्या काळापासून फुटली नाई. तू आली म्हनून फुटते का आता?" त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर खळखळायच्या, ते जाळं आमचे हे खांद्यावर टाकत असायचे. मग पाळीवर त्यांच्या पायांचा आवाज. मग टिटवी. मग आत्याबाईंचं खोकणं, चूल फुंकणं, आणि पहिली शिवी कोंबडीला. सकाळी आंबील आणि सुक्या झिंग्यांची चटणी, दुपारी भात आणि लाखोरीची डाळ, मासोळी मात्र विकून उरली तर. ढिवराच्या घरी रोज मासोळीचा रस्सा शिजतो असं लोकांना वाटतं. आमच्या घरी शिजायचं ते टोपल्याच्या तळाशी राहिलेलं, बारीक, काट्याकाट्याचं, आणि आत्याबाई त्यात अंबाडीचा पाला टाकून असं काही करायच्या की मी दोन ताटं भात खायची. आता माझी सून बाजारातून मोठे तुकडे आणते. चांगले असतात. मी खाते.

बाजाराच्या दिवशी आत्याबाई टोपलं डोक्यावर घेऊन मूलला जायच्या. तीन महिने झाल्यावर मलाही नेलं. गिऱ्हाईक आलं आणि मरळ मागितली, मी वेगळंच काही उचलून दिलं. ती बाई शहाणी होती, हसली आणि परत करून गेली. तोवर मी काय करत होते? सोललेल्या शिंगाड्याच्या टरफलांवर ऊन पडलं होतं, ते काळं की जांभळं, ते पाहत होते. आत्याबाईंनी पाहिलं. येताना रस्त्यात म्हणाल्या, "तुले मासोळी विकता येनार नाई. तुये डोळे दुसरीकडंच राह्यतात." मला रडू आलं. वाटलं, आता माहेरी पाठवतात. घरी आल्यावर त्यांनी जाळी भिजवायच्या मडक्यातून वाटीभर काळपट पाणी काढून माझ्यापुढं ठेवलं. तेव्हा जाळी सुताची असायची. ऐनाची साल उकळून त्या पाण्यात जाळं मुरवलं की ते तपकिरी होतं आणि सडत नाही. "भितीवर फासून पाह्य हे," म्हणाल्या. "विटेच्या रंगापेक्षा टिकन." मी काडीला चिंधी गुंडाळली आणि चुलीमागच्या भिंतीवर त्यांचं मडकंच काढलं. त्यांनी भिंतीजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "मडक्याले तडा हाय, तो नाई काढला."

असं आमचं जमलं. त्या मला जमेल तेवढं काम द्यायच्या आणि जमणार नाही ते शिव्या देत स्वतः करायच्या. पण एका गोष्टीत त्यांनी सोडलं नाही. म्हणाल्या, ढिवराच्या घरी आली तर पाण्यात उतरलंच पाहिजे. थंडी सरल्यावर एका सकाळी मला हाताला धरून पाळीवरून उतरवलं आणि कंबरेपर्यंत पाण्यात नेलं. आमच्या बायका हातजाळं घेऊन अशाच उभ्या राहून झिंगे धरतात. पायाखाली चिखल, पायाला काय लागतंय ते कळत नव्हतं, मी डोळे घट्ट मिटून घेतले. "डोळे उघड वो. पान्यात डोळे मिटून कोन उभं राह्यते?" मी उघडले, आणि तो तलाव तलाव राहिलाच नव्हता. रोज मी पाळीवर उभी राहून पाहायची तेव्हा खाली सपाट पाणी, पलीकडं डोंगर, असं दिसायचं, जसं कॅलेंडरवर असतं. आता पाणी माझ्या कंबरेशी होतं आणि दिसत होती ती पाळ. भिंतीसारखी उभी, तिच्यावर आभाळ. पाळीवरून जाणाऱ्या माणसांचे आधी पाय दिसत, मग बाकीचं माणूस. एक म्हैस आली, तिचं पोट एवढं मोठं की डोकं छोटंसं. आणि हे सगळं आधी पाण्यात उलटं, मग वर सुलटं. मी आत्याबाईंना म्हटलं, "इथून वेगळंच दिसते." त्या जाळं खालून वर काढत होत्या. म्हणाल्या, "वेगळं कायचं? आपन रोज हेच पाह्यतो. तलाव पाहाले पाळीवर बसाची फुरसत कोनाले हाय?"

पुढच्या वर्षी कुंदा झाली. तेव्हाच मूलच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर, त्यांना आम्ही गुरुजी म्हणायचो, एकदा मासोळी घ्यायला घरी आले आणि चुलीमागची भिंत पाहून तिथंच बसले. भिंत तोवर भरली होती. पहिली परीक्षा झाली हे ऐकून त्यांनी विचारलं, दुसरी का दिली नाही? ती झाली की नागपूरला ड्रॉइंग शिक्षकांच्या कोर्सला जागा मिळते, बायकांना तर लगेच. मी फॉर्म भरतो, म्हणाले, पण याच वर्षी. पुढच्या उन्हाळ्यात ते रिटायर होत होते आणि बाहेरून बसणाऱ्या बाईचा फॉर्म भरून देणारा दुसरा कोणी नव्हता. मला ड्रॉइंगची बाई व्हायचं होतं. हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीट नाही. त्या दिवशी गुरुजींच्या टोपलीत मी दोन मासोळ्या जास्तच टाकल्या.

आमचे हे माणूस चांगले होते, पण चित्राचं त्यांना हसू यायचं. "चित्र पाहून मासोळ्या जाळ्यात येतात का?" म्हणायचे. रात्री जेवताना मी विषय काढला. त्यांनी भात कालवून घेतला. मग म्हणाले, "एक डाव देऊन पाह्य. नाई जमलं तं मंग घरचं पाह्य. फिरून विचारू नको." आत्याबाई ताटावरून उठल्या, पोरीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. मला वाटलं त्यांना नको आहे. सकाळी पाहते तर माझ्या वाट्याचं धुणं त्यांनी नेलं होतं, आणि परीक्षेपर्यंतच्या दोन महिन्यांत मला धुण्याला हात लावू दिला नाही. दुपारी मी ओसरीत कागद पसरून बसायची, तांब्या, वांगं, पितळी डबा समोर मांडून. कुंदा माझ्या मांडीवर. तिला बाटली चालायची नाही, वाटीचं दूध ती थुंकून टाकायची. सहा महिन्यांची झाली तरी तिला मीच लागायची.

परीक्षा चंद्रपूरला. म्हातारी माणसं तेव्हा चांदाच म्हणायची. पोरीला घेऊन कोण येणार, हा प्रश्नच नव्हता, आत्याबाईंनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं. माझ्या डब्यातली तपकिरी रंगाची वडी संपली होती, दुसरा डबा घेण्याजोगे पैसे नव्हते, म्हणून मी ऐनाच्या सालीचं पाणी औषधाच्या बाटलीत भरून घेतलं. एसटीत आम्ही बसलो तशी शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकली. आत्याबाईंनी कितीही अंघोळ केली तरी त्यांच्या हातांना मासोळीचा वास असायचा. त्यांना कळलं. त्या बाईकडं पाहून त्या इतकंच म्हणाल्या, "बाई, तलावाचा मुलूक हाय, वासाशिवाय मानूस कुठी भेटनार?" आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. मी मान खाली घातली. आज लिहिताना त्या मान खाली घालण्याची मला लाज वाटते.

शाळेच्या आवारात मोठं चिंचेचं झाड होतं, त्याच्या पलीकडं रस्त्याला लागून चहाचं हॉटेल. आत्याबाई चिंचेखाली फडकं पसरून बसल्या. माझा बाक खिडकीजवळचा होता, मान उंचावली की त्यांचं हिरवं लुगडं दिसायचं. वर्गात सगळी शाळेची पोरं, दोन मोठी पुरुषमाणसं, आणि बाई मी एकटी. सकाळचा पेपर वस्तुचित्राचा, त्यात एक किटली, दोन वांगी, घडी विस्कटलेलं फडकं. ते मी हसतखेळत केलं, माझी निम्मी जिंदगी भांड्यांसमोर गेली होती. मधल्या सुट्टीत बाहेर येऊन कुंदाला पाजलं, आत्याबाईंनी बांधून आणलेली भाकर आणि चटणी खाल्ली. "कसा गेला?" "चांगला गेला." "मंग तोंड असं काऊन?" खरं तर दुपारच्या पेपरची भीती होती. स्मरणचित्र. समोर काही ठेवत नाहीत, फळ्यावर विषय लिहितात आणि तुम्ही आठवून काढायचं. वर्गावर होते ते सर सकाळीच सांगून गेले होते, पेपर सुरू झाल्यावर जो बाहेर जाईल त्याचा कागद जमा.

फळ्यावर लिहिलं होतं, तलावाकाठची सकाळ.

मला हसू आलं. देवानंच पेपर काढला असं वाटलं. आजूबाजूची पोरं भराभर काढायला लागली, कागदाच्या मध्ये एक आडवी रेघ, वर डोंगर, डोंगरातून सूर्य, खाली निळा तलाव. मी डोळे मिटले आणि जे दिसलं ते काढलं. पाळ. कागदाच्या वरच्या बाजूला ती लांबलचक काढली, तिच्यावर पाण्याला निघालेल्या दोन बाया, त्यांचे पाय मोठे, डोकी लहान. पोट सुटलेली म्हैस. आणि खाली सगळा कागद पाणी, त्यात तीच पाळ, त्याच बाया, तीच म्हैस उलटी थरथरताना. काढताना मी शाळेत नव्हतेच. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाजूला कोणी उभं आहे असं वाटलं म्हणून वर पाहिलं, तर वर्गावरचे सर. वयस्कर, जाड चष्म्याचे. त्यांनी माझी औषधाची बाटली उचलून हुंगली, खाली ठेवली, मग कागदाकडं पाहिलं. हळूच म्हणाले, "बाई, विषय तलावाकाठ आहे. तुमच्या चित्रात काठ आहे, पण हे पाहणारा माणूस उभा कुठं आहे?" एवढं बोलून ते पुढं गेले. तेवढंही त्यांनी बोलायला नको होतं, चांगुलपणानं बोलले.

मी इतरांचे कागद पाहिले. मग माझा पाहिला. बरोबर होतं त्यांचं. सगळ्या दुनियेनं तलाव काठावरून पाहिला होता आणि मी तो पाण्यातून काढून बसले होते. तपासणाऱ्याला वाटेल, हिला तलाव कसा असतो तेही माहीत नाही. आडवी रेघ मारून डोंगर आणि सूर्य काढायला वेळ होता का? असेल अर्धा तास. पण कागद ओला होता, आणि दुसरा कागद मिळत नाही.

आणि तेव्हाच कुंदा रडली.

आधी कुरकुर, मग तो आवाज, जो सगळ्या लेकरांच्या आवाजांतून आई वेगळा काढते. भुकेचा. मी मान उंचावली. आत्याबाई तिला खांद्यावर घेऊन झाडाभोवती फिरत होत्या. रडणं वाढत गेलं. पुढच्या बाकावरच्या पोरानं वळून खिडकीकडं पाहिलं. माझं अंग आपोआप दाटून आलं, पोलकं ओलं झालं, मी पदर पुढं ओढला. हातात ब्रश तसाच. उठायचं, कागद द्यायचा, पोरीला घ्यायचं. झालं, एक डाव संपला, घरचं पाहायचं. नाहीतरी चित्र चुकलंच आहे, मग पोरीला का रडवायचं? मी ब्रश ठेवला. बाकावर हात टेकले. उठणारच होते, आणि रडणं थांबलं.

एकदम थांबलं. मी परत मान उंचावली, तर आत्याबाई झाडाच्या पलीकडं, बुंध्याकडं तोंड करून बसलेल्या, बुंध्याआडून त्यांचा खांदाच तेवढा दिसत होता. मांडीवर काहीतरी हालत होतं. हॉटेलातून कोणाच्या हसण्याचा आवाज आला. तेवढंच. खरं सांगते, रडत होती तेव्हा भीती वाटली नव्हती तेवढी थांबल्यावर वाटली. पण थांबली होती. आणि कागद समोर होता.

मी ब्रश औषधाच्या बाटलीत बुडवला. पाहणारा माणूस उभा कुठं आहे? मी कागदाच्या अगदी तळाशी, पाण्यातून वर येणारे दोन हात काढले. फक्त हात, मनगटापर्यंत, लाखेच्या बांगड्यांसकट, आणि त्या हातांनी धरलेली हातजाळ्याची दांडी. जाळ्याच्या सालीच्या रंगात ते हात काढले. बोटांची पेरं जाड, अंगठ्याजवळ काट्यानं कापलेली जुनी खूण. ते कोणाचे हात होते हे मला विचार करावा लागला नाही. आता तो कागद पाहणाऱ्याला कळलं असतं की तो पाण्यात उभा आहे. निदान मला तसं वाटलं. घंटा झाली, मी कागद दिला आणि धावत बाहेर आले.

आत्याबाई पदर नीट करत उठत होत्या. कुंदा माझ्याकडं पाहून अशी झेपावली आणि अशी तुटून पडली की मला दुखलं. "इतका वेळ काय केलं हिनं? कशी चूप झाली?" मी विचारलं. "हाटेलातून गाईचं दूध आनलं," आत्याबाई म्हणाल्या. "बोळ्यानं पाजलं." मी म्हटलं, कधी नाही ते प्याली म्हणायची. गाडीत त्यांनी विचारलं, "काय काढलं?" मी सांगितलं, तलाव, पण पाण्यातून. आणि तुमचे हात. त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. "ह्ये?" म्हणाल्या, "ह्ये काय काढाची वस्तू हाय?" मग बस मूलजवळ आल्यावर म्हणाल्या, "बांगड्या काढल्या ना? नाईतं लोकं म्हनतीन रांडक्या बाईचे हात." विधवा झाल्यावरही त्यांनी लाखेच्या बांगड्या उतरवल्या नव्हत्या. आम्ही दोघी हसलो, कुंदा झोपली होती.

मी पास झाले. सगळ्यात खालच्या श्रेणीत, पण पास. गुरुजींना चंद्रपुरात कोणी सांगितलं म्हणे की एका कागदावरून तपासणाऱ्यांत बराच वाद झाला. तो माझाच होता का, देव जाणे. परीक्षेचे कागद परत मिळत नाहीत. आमच्या यांनी पेढे वाटले नाहीत, पण त्या आठवड्यात एक मोठा रोहू घरी ठेवला, विकला नाही, ही त्यांची रीत. नागपूरला मी गेले तेव्हा आत्याबाई कुंदाला घेऊन सोबत आल्या आणि तिथल्या बाजारात नागपूरकरांना शिव्या देत मासोळी विकत राहिल्या. मग माझी नोकरी, बदल्या, दोन लेकरं आणखी, चित्रं, थोडी प्रदर्शनं. पस्तीस वर्षं मी पोरांना ड्रॉइंग शिकवलं. पोरानं काही वेगळं काढलं की मी लाल पेन्सिल उचलायच्या आधी विचारायची, तू उभा कुठं होता? गडचिरोलीकडच्या एका गोंडाच्या पोरीनं झाड काढलं होतं, नुसत्या फांद्या, बुंधा नाहीच. ती मोहाची फळं झोडपायला वर चढलेली असायची. तिला मी पूर्ण मार्क दिले. आता मोतीबिंदू काढल्यापासून निळा रंग मला फारच निळा दिसतो आणि हात थोडा थरथरतो. आत्याबाईंचे हात मी आयुष्यात किती वेळा काढले असतील, त्या कागदावरचे जमले तसे पुन्हा जमले नाहीत.

हे एवढं सांगून प्रकरण संपवता आलं असतं. पण जे मला त्यानंतर पंचवीस वर्षांनी कळलं ते सांगितल्याशिवाय यातलं काही खरं ठरत नाही.

कुंदाला तेव्हा तिची पहिली लेक झाली होती, चार महिन्यांची. कुंदाची गडचिरोलीला शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती, म्हणून पोर गावच्या घरी आमच्याकडं ठेवून ती सकाळच्या गाडीनं गेली. आत्याबाई पंच्याहत्तरीच्या पुढं गेल्या होत्या, दिसायचं कमी, बसायच्या ओसरीत पाळण्याची दोरी हातात घेऊन. आमचे हे तलावावर. दुपारी पोर उठली आणि तेच सुरू झालं, भुकेचं रडणं. मी स्वयंपाकघरात दूध गरम करायला गेले. दूध उतू जाईपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. वाटीत ओतून निववत होते आणि ते थांबलं. एकदम थांबलं. माझे हात तिथंच थबकले, कारण असं थांबणं मी आधी ऐकलं होतं.

ओसरीत आले. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. पदराखाली पोर त्यांच्या छातीला होती, सुरकुतल्या, कधीच्या आटलेल्या छातीला, आणि मिटल्या डोळ्यांनी चोखत होती.

"आत्याबाई, हे काय?"

"काय म्हनजे? लेकरू चूप करून राह्यली." त्यांनी मान वळवली नाही. "तुयी कुंदी बी अशीच चूप केली होती म्या. चांद्याले. त्या चिचेखाली."

"तुम्ही तर म्हणाला होतात, गाईचं दूध पाजलं."

"दूध कुठचं वो. हाटेलवाला म्हने, चहापुरतंच हाय. आन असतं तरी तुया पोरीनं कुठी घेतलं असतं? खिडकीतून तुयी मुंडी वर येताना दिसे मले. एक डाव आली, दोन डाव आली. म्हटलं, आता ही उठते. मंग झाडाकडं तोंड केलं आन लावली. हाटेलातले मानसं हासले. म्हटलं हासा."

मी त्या वेळी आत बसून त्यांचे हात काढत होते, आणि त्या हातांनी त्या माझ्या लेकीला उराशी धरून भर रस्त्यावर लोकांचं हसणं पाठीवर घेत होत्या. पंचवीस वर्षं एका घरात राहिलो आम्ही. मला रडू फुटलं. वाटी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ बसले. "मला सांगितलं काऊन नाई?"

"सांगाची गोष्ट हाय का ते? तू मंग जलमभर माया पाया पडत राह्यली असती. चित्र कोनं काढलं असतं?" त्यांनी चाचपडत पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याच जाड पेरांचा, लाखेच्या बांगड्यांचा. "यानं पोट नाई भरत तिचं," म्हणाल्या. "पन लेकरू थांबते. पेपर सरेपर्यंत थांबते."